गप्प म्हणजे हो

आमच्या घरात हाकेला ओ द्यायची पद्धत नाही. आई स्वयंपाकघरातून विचारते, "चहा टाकू का?" आणि कुणी काही बोललं नाही की टाकते. नको असेल त्याने तोंड उघडायचं, हवा असेल त्याने गप्प बसायचं. ही सवय लावली दादाने. माझा हा थोरला भाऊ लहानपणापासून असाच. दहा हाका मारा, ढिम्म. आई आधी चिडायची, मग दमली, आणि मग तिने आपल्यापुरता कायदाच करून टाकला, की गप्प म्हणजे हो. एकदा मी कसल्याशा रागात तोंड फुगवून बसले होते, तर आईसाहेबांनी माझी चांगली चालती सायकल शेजारणीच्या मुलीला देऊन टाकली. वर मलाच म्हणते, "विचारलं होतं की तुला!"

हे घरचं पुराण आधी सांगितलं, कारण मी ऑफिसात सर्व्हर, म्हणजे सगळ्यांना निरोप पोचवणारा प्रोग्रॅम, लिहिला तो याच कायद्यावर लिहिला. लिहिताना मला त्याचा पत्ताही नव्हता.

मी पाणीखात्यात प्रोग्रॅम लिहिते. आमच्या ऑफिसच्या मागे तलावाचा बांध आहे, बांधावर दाराची खोली आहे, आणि त्या दारातून सुटलेलं पाणी एका बोगद्यातून डोंगराला वळसा घालून शहराच्या टाकीत जातं. बोगदा चांगला माणूस उभा चालेल एवढा आहे. पाणी सारखं सुटत नसतं. टाकी भरली की दार बंद, टाकी उतरली की पुन्हा उघडायचं. मधे बोगदा रिकामा असतो तेव्हा गाळ काढणारी टोळी डोंगरापलीकडच्या दरीतल्या झाकणातून शिडीने आत उतरते. त्या टोळीचा मुकादम म्हणजे आमचा दादा.

दार सांभाळतात ते गेटमामा. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर असेल, बाकी सगळं खातं त्यांना गेटमामाच म्हणतं. पूर्वी दार उघडायच्या आधी मामा वाटेवरच्या प्रत्येक ठिकाणी फोन लावायचे आणि पलीकडचा म्हणायचा, "ऐकलं." सगळ्यांचं "ऐकलं" आल्याशिवाय दार हलवायचं नाही, असा नियम. पण एखादा फोनपाशी नसला की सगळं अडायचं, शहरात बोंबाबोंब व्हायची आणि आमच्या साहेबांना वरून शिव्या बसायच्या. मामांना तर त्या फोनचा मनस्वी कंटाळा. म्हणायचे, "दिवसभर आपलं ऐकलं, ऐकलं. माझे कान किटले पोरी, तुझ्या त्या कॉम्प्युटरला सांग हे काम." शेवटी साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, "असं काहीतरी कर, की इथे एक बटन दाबलं की सगळीकडे एकदम कळलं पाहिजे. आणि कुणाच्या उत्तरासाठी खोळंबायचं नाही."

मी केलं. आणि देखणं केलं, उगाच खोटा विनय कशाला! प्रत्येक ठिकाणी एक स्क्रीन बसवला, बोगद्याच्या कडेने वायर नेली, प्रत्येक स्क्रीन सर्व्हरला जोडला. या जोडणीला आम्ही सॉकेट म्हणतो. सोप्या भाषेत सांगायचं तर फोन लावायचा आणि मग खाली ठेवायचाच नाही, दोन्हीकडे रिसीव्हर कानाला. काही बदललं की सर्व्हर त्या उघड्या वाटेने सगळ्यांना एकदम निरोप ढकलतो. काही बदललं नाही तर गप्प बसतो. दार बंद असेल तोवर स्क्रीन हिरवा. मामांनी 'उघडतोय' दाबलं की बाहेर सगळीकडे लाल आणि कर्कश शिट्टी; मामांचा स्वतःचा स्क्रीन मात्र कुणी 'थांबा' म्हटलं तरच लाल. आत माणसं असतील तर झाकणापाशी बसलेल्याने 'थांबा' दाबायचं. ठरलेला वेळ गेला आणि कुणीच 'थांबा' म्हटलं नाही, की मामांनी खुशाल दार उचलायचं.

पहिल्यांदा सगळ्यांना दाखवलं तेव्हा दादाही आला होता. मागे हाताची घडी घालून उभा. शेवटी म्हणाला, "म्हणजे आईचा चहाच की हा. कुणी नको म्हटलं नाही, टाका!" सगळे हसले, मीही हसले. जुने फोन मीच काढायला लावले. ते एका खोक्यात घालून माझ्या टेबलाखाली सरकवले होते, आणि रोज माझा अंगठा त्या खोक्यावर आपटायचा.

त्या दिवशी सकाळी दादा निघाला तेव्हा आईने आतून विचारलं, "डबा घेतलास ना?" दादा गप्प. आई निवांत. मी निघताना बघते तर डबा टेबलावर तसाच. त्याच्या नावाने बोटं मोडली, डबा माझ्या स्कूटरच्या हुकाला लटकवला, म्हटलं तिकडे जाणारा कुणी भेटला तर पाठवू. ऑफिसात शिरले आणि मीही विसरले. एकाच आईची लेकरं, दुसरं काय!

साहेबांना माझा लाल रंग आवडत नव्हता. "फार अंगावर येतो गं, जरा सौम्य कर." धोक्याचा रंग सौम्य करा म्हणे! पण साहेबांपुढे शहाणपण चालत नाही. माझ्या टेबलावर एक स्क्रीन होता, बाहेरच्यांसारखाच, बाहेरच्यांच्याच वाटेने जोडलेला. बाहेर जे दिसतं ते मलाही दिसावं म्हणून मुद्दाम तसा ठेवलेला. नवा रंग बघायला मी सर्व्हरमधून फक्त त्या एका स्क्रीनला 'लाल हो' असा निरोप सोडला. सर्व्हर म्हणाला, पाठवलं. स्क्रीन हिरवा.

पुन्हा सोडला. पाठवलं. हिरवा.

आधी वाटलं, स्क्रीन बिघडला. त्याच्या डोक्यात दोन टपल्या मारल्या. मग त्याच्या वायरीमागे रांगत गेले. ती कपाटामागच्या छोट्या पेटीत जाते. बाहेरच्या सगळ्या वायरी त्याच पेटीतून निघतात. पेटीवर एरवी दिवे लुकलुकत असतात. आज एकही नाही. तिचा प्लग काढून जमिनीवर टाकलेला होता आणि त्या जागी फोनचा चार्जर खोचलेला होता. वर साहेबांचा फोन.

"साहेब, हा प्लग तुम्ही काढलात?"

"अगं हो, सकाळी आलो तेव्हा फोन पार उतरला होता. तिथे एकच जागा दिसली." ते कागदातून मान वर न काढता बोलत होते. "का, काही बंद पडलं का? सगळं तर हिरवंच आहे की."

मला आधी हसू आलं, खरं सांगते. म्हटलं, धन्य आहे! चार्जर उपटला, प्लग लावला, पेटीचे दिवे लागले. मग खुर्चीत बसले आणि सर्व्हरसमोर जोडलेल्या ठिकाणांची यादी उघडली.

सगळी ठिकाणं जोडलेली. दाराची खोली, जोडलेली. दादाचं झाकण, जोडलेलं. माझ्या टेबलावरचा स्क्रीन, जोडलेला. सकाळपासून पेटी मेलेली होती आणि सकाळपासून सगळे जोडलेलेच होते.

काय झालंय ते मला त्या क्षणी लख्ख दिसलं. समोरच्याने फोन ठेवला तर खट्ट आवाज येतो, आपल्याला कळतं. पण मधली वायरच तुटली तर खट्ट कुठून येणार? आपण आपले रिसीव्हर धरून बसतो, पलीकडचाही बसतो, आणि दोघांनाही वाटतं की दुसऱ्याकडे बोलायला काही नाही. माझा सर्व्हर गप्प, कारण काही बदललं नाही. माझे स्क्रीन हिरवे, कारण त्यांना कुणी लाल हो म्हटलं नाही. आणि ते 'पाठवलं'! त्या शब्दाचा अर्थ एवढाच होता की मी निरोप उंबऱ्याबाहेर टाकला. तो कुणी उचलला का, हे मी विचारलंच नव्हतं. विचारायचं नाही असंच ठरलं होतं ना!

पेटी चालू झाली होती, म्हणून पुन्हा 'लाल हो' सोडलं. पाठवलं. हिरवा. पेटी झोपेतून उठली ती जुन्या सगळ्या वाटा विसरून, आणि ते सर्व्हरलाही माहीत नाही, स्क्रीनलाही नाही. आता प्रत्येक स्क्रीनपाशी जाऊन तो हाताने बंद करून चालू केला तरच तो नव्याने जोडला जाणार. पण म्हटलं, घाबरायचं काही नाही. आधी दाराच्या खोलीत जाऊ, मामांना सांगू, आज दार उघडू नका.

आणि खिडकीची काच थरथरली.

दाराची मोटर चालू झाली की आमच्या खिडकीची काच अशीच थरथरते. रोज. मोटर चालू व्हायच्या आधी माझ्या टेबलावरचा स्क्रीन लाल होतो, शिट्टी वाजते, साहेब कपाळाला आठ्या घालतात, आणि मग काच थरथरते. आज नुसती काच.

साहेब म्हणाले, "मामांनी पाणी सोडलं वाटतं."

मामांनी बटन दाबलं असणार. निरोप मेलेल्या वाटेवर पडला असणार. ठरलेला वेळ ते शांतपणे थांबले असणार. कुणी 'थांबा' म्हटलं नाही. म्हणणार कोण? झाकणापाशी स्क्रीन हिरवा, 'दार बंद, पाणी नाही' म्हणून सांगतोय, आणि आत माझा भाऊ.

मी पळाले. पळताना दादाला फोन लावला. त्या दरीत फोन लागत नाही हे मला पाठ होतं, तरी लावला. त्या बाईने नेहमीच्या गोड आवाजात सांगितलं की हा क्रमांक संपर्कक्षेत्राबाहेर आहे. मामांना लावला तर नुसता वाजत राहिला, मोटरच्या घरघरीत त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही तर फोन कुठला! बांधाच्या पायऱ्या मी कशा चढले मला आठवत नाही. एवढं आठवतं की एक चप्पल मधेच राहिली.

दाराच्या खोलीत मामा स्टुलावर बसले होते. एक हात मोटरच्या दांड्यावर, दुसऱ्या हाताने कान कोरत. समोर स्क्रीन, हिरवागार. मला बघून हसले. मी ओरडले, "बंद करा!" त्यांनी कानाला हात लावून "काय?" असं केलं. मी त्यांच्या हातावर झडप घातली आणि दांडा खाली ओढला. मोटर कण्हली, थांबली, मग दार उलटं उतरायला लागलं, सावकाश. इतकं सावकाश की त्याला धक्का मारावासा वाटत होता.

"डोकं फिरलं का तुझं?" मामा म्हणाले. "मी बटन दाबलं, वेळ थांबलो, कुणी नाही म्हटलं नाही."

"कुणाला कळलंच नाही, मामा. वायर मेलेली आहे. सकाळपासून."

त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. एवढा मोठा माणूस, पण चेहऱ्यावरचा रंग उतरताना मला दिसला. "टोळी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला माहीत आहे कुठे आहे."

"हातभर उचललं होतं," ते पुटपुटले. "लोंढा जाणार. छातीपर्यंत तरी येईल. आत सगळं शेवाळ आहे, उभा माणूस टिकायचा नाही." मग एकदम ओरडले, "जा! बोगदा वळशाने जातो, तू डोंगरावरून सरळ जा! मी इथून हलत नाही. आता प्रत्यक्ष परमेश्वर आला तरी हे दार उचलणार नाही, तू जा!"

घाईघाईत स्कूटर चालू केली तर ती दोनदा बंद पडली. डोंगरावरची वाट म्हणजे खडी आणि खड्डे. हुकाला दादाचा डबा आपटत होता, झाकण उघडून आतलं माझ्या पायावर सांडत होतं. मी भ्यायले होते. एरवी मी कुणाच्या बापाला भीत नाही, सगळं ऑफिस तसं म्हणतं. पण त्या वाटेवर मी मोठ्याने रडत होते, नाक पुसायलाही हात सुटत नव्हता. डोळ्यांसमोर बोगदाही नव्हता, पाणीही नव्हतं. आई होती. संध्याकाळी मी एकटी घरी जाईन, आई आतून विचारेल, "दादा येतोय ना मागून?" माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही. आणि मी गप्प आहे म्हणून ती दोन कप चहा टाकेल.

झाकणापाशी पोचले तर तिथे कुणी नाही.

झाकण उघडं होतं. शिडी आत सोडलेली. कठड्याला दोर बांधलेला, शेजारी फावडी आणि बादल्या. टोळीच्या झोपडीच्या भिंतीला खिळ्यावर माझा स्क्रीन लटकत होता, मस्त हिरवा. दार बंद, पाणी नाही. पहाऱ्याला जो एक माणूस वर बसवायचा तोही नव्हता. दादा त्यालाही आत न्यायचा, "बाहेर बसून माश्या मारण्यापेक्षा चार बादल्या भरेल" म्हणून. त्यावरून साहेबांची बोलणीही खाल्ली होती त्याने. म्हणजे सगळे आत.

मी झाकणात डोकं घालून ओरडले, "दादा!"

आवाज आत घुमला आणि परत आला. दुसरं काही नाही.

"दादा! वर ये! पाणी सुटलंय! दादा रे!"

काही नाही. मी श्वास धरून ऐकलं. थेंब पडत होते. आणि त्याच्यामागे, फार लांब, काहीतरी खसखसत होतं, जमिनीवरून पोतं ओढत आणावं तसं. मी तो आवाज कधी ऐकला नव्हता, पण तो कसला आहे हे मला कुणी सांगायला नको होतं.

आता शहाण्या माणसाने काय करावं? मला माहीत नाही. शहाणपण मागे बांधावर चपलेबरोबर राहिलं होतं. मला वाटलं, ते फार आत असतील, हाक पोचत नसेल, चार पायऱ्या उतरले तर पोचेल. मी शिडीवर पाय ठेवला. उतरले. गार वारा खालून तोंडावर आला, आणि मी उतरतच राहिले. "दादा!" शिडी निसरडी होती, अनवाणी पाय सरकत होता. वरचा उजेड ताटाएवढा झाला. खसखस आता खसखस राहिली नव्हती, शिडी हातात थरथरत होती. मला वर जायचं होतं आणि खालीही जायचं होतं, आणि हात दांड्याला असे चिकटले होते की काहीच होईना.

तेवढ्यात उजेड झाकला गेला. वरून आवाज आला, अगदी वैतागलेला, "तिथे काय करतेस गं, कॉम्प्युटरबाई? ये वर, पडशील!"

मी मान वर केली. दादा. हात काळे, कपाळाला वंगण.

मी फक्त खाली बोट दाखवलं. त्याने ऐकलं. त्याचा चेहरा मला नीट दिसत नव्हता, पण त्याचं अंग कसं ताठ झालं ते दिसलं. तो पोटावर पडला, कमरेपर्यंत आत लोंबकळला, माझं मनगट धरलं आणि ओढलं. त्याच्या टोळीतल्या लंबूने त्याचे पाय धरले असणार, कारण आम्ही तिघं एकमेकांच्या अंगावर बाहेर पडलो. माझा गुडघा कठड्यावर फुटला. आणि आमच्या खालून लोंढा गेला. शिडी एकदा वाजली आणि मग तिचं खालचं टोक दिसेनासं झालं. झाकणातून पाण्याचा गार फवारा आमच्या तोंडावर आला. भिंतीवर स्क्रीन हिरवा. दार बंद, पाणी नाही.

कुणीच आत नव्हतं. झालं होतं असं, की आत उतरण्याआधी बोगद्यात हवा खेळवायला एक पंखा लावतात, त्याचा पट्टा सकाळीच तुटला. हवा भरल्याशिवाय उतरायचं नाही, म्हणून सगळे झोपडीमागे तो पट्टा सांधत बसले होते आणि अर्धा दिवस वाया गेला म्हणून शिव्या देत होते. पट्टा नुकताच बसला होता. आता पंखा लावणार, मग उतरणार. मी येण्यात आणि त्यांच्या उतरण्यात एका सडक्या पट्ट्याचं अंतर होतं. त्यात माझं काही कर्तृत्व नव्हतं आणि माझ्या सर्व्हरचं तर नव्हतंच.

मी उठले आणि दादाच्या दोन्ही खांद्यांवर बुक्क्या मारायला लागले. "मी हाका मारत होते! घसा फाटेपर्यंत हाका मारत होते! ऐकू नव्हतं आलं तुला?"

"आलं होतं," दादा म्हणाला.

"मग?"

तो पाण्याकडे बघत होता. मग सावकाश म्हणाला, "नुसतं 'दादा' ऐकू आलं. डबा घेऊन आली असशील म्हटलं. ओरडेल आणि येईल इकडे. नेहमीसारखी."

त्याने दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले होते. लंबू बाजूला बसून ओकत होता. मी जन्मात पहिल्यांदा दादाला घाबरलेलं बघितलं, आणि ते बघून मला जास्त भीती वाटली. स्वतः बोगद्यात सापडला असता म्हणून तो घाबरला नव्हता. तो झाकणाकडे बघायचा, मग माझ्या अनवाणी पायाकडे, आणि पुन्हा झाकणाकडे.

सर्व्हर मी नंतर नव्याने लिहिला. आता तो गप्प बसत नाही. थोड्या थोड्या वेळाने प्रत्येक स्क्रीनला विचारतो, आहेस का? आणि स्क्रीनने आहे म्हणायचं. तो आहे म्हणाला नाही तर यादीतून त्याचं नाव जातं, आणि सर्व्हरचा आवाज आला नाही तर स्क्रीनही हिरवा राहत नाही, काळा पडतो. दार उघडायचं तर प्रत्येक ठिकाणच्या माणसाने 'ऐकलं' दाबायचं, एकाचं जरी राहिलं तरी मोटर चालू होत नाही. शहरात पुन्हा बोंबाबोंब होते, साहेबांना पुन्हा शिव्या बसतात. बसू देत. लाल रंग होता तसाच ठेवलाय, आणि त्या पेटीचा प्लग मी भिंतीत पक्का करून घेतलाय.

पण हे सगळं पुढचं. त्या संध्याकाळी आधी टेबलाखालचं खोकं उघडलं आणि जुने फोन आपापल्या जागी गेले. झाकणापाशीचा फोन दादाने स्वतः जोडला. मग आम्ही दोघं घरी आलो. वाटेत ठरवलं होतं, आईला यातलं काही सांगायचं नाही. गुडघ्याचं विचारलं तर पडले म्हणायचं.

आई स्वयंपाकघरात होती. दादा खुर्चीत बसला, मी त्याच्या समोर. कुणी दिवा लावला नाही. आतून भांड्यांचा आवाज येत होता, नळ चालू होता, आणि त्या नळाच्या आवाजाने माझ्या अंगावर काटा येत होता. मग नळ बंद झाला.

"चहा टाकू का?" आईने विचारलं.

घर गप्प. दादाने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघत होते.

"हो, आई," दादा म्हणाला. "टाक. मी आहे इथे. आम्ही दोघंही आहोत."

आत भांडं खाली पडलं. आई ओल्या हातांनी धावत बाहेर आली, दाराशी थांबली, आणि आळीपाळीने आम्हा दोघांच्या तोंडाकडे बघायला लागली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"काय झालं रे?" ती म्हणाली. "सांगा मला. काय झालं?"